महाराष्ट्रातील विद्युत वाहन प्रोत्साहने

महाराष्ट्रातील विद्युत वाहन प्रोत्साहने म्हणजे राज्यात विद्युत वाहन खरेदी करणाऱ्या, ते वापरणाऱ्या आणि त्यासाठी चार्जिंगची सोय उभारणाऱ्या व्यक्ती व संस्थांना केंद्र सरकार, महाराष्ट्र शासन, वीज नियामक आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांच्यामार्फत मिळणाऱ्या आर्थिक सवलती होत. खरेदी अनुदान, वस्तू व सेवा करातील सवलत, मोटार वाहन कर व नोंदणी शुल्कातील माफी, पथकरमाफी, स्वतंत्र वीजदर आणि चार्जिंग केंद्रांसाठीचे अर्थसाहाय्य यांचा त्यांत समावेश होतो.

या सवलती एकाच कायद्याखाली येत नाहीत. प्रत्येक सवलतीची मुदत, पात्र वाहनप्रकार, कमाल रक्कम आणि वाहनसंख्येची मर्यादा वेगळी असते. त्यामुळे एकाच किमतीची दोन वाहने घेणाऱ्या दोन ग्राहकांना मिळणारा लाभ खरेदीची तारीख, वाहनाचा वापर (खासगी अथवा व्यावसायिक) आणि बॅटरीची क्षमता यांनुसार मोठ्या फरकाने बदलू शकतो. २०२१ नंतरच्या काळात केंद्राचे थेट खरेदी अनुदान टप्प्याटप्प्याने घटत गेले. खरेदीदाराच्या दृष्टीने करमाफी आणि चार्जिंगविषयक सवलतींचे महत्त्व त्या प्रमाणात वाढले आहे.

## पार्श्वभूमी

विद्युत वाहनाची किंमत प्रामुख्याने त्याच्या बॅटरीमुळे वाढते. तुलनेने इंधनखर्च आणि देखभालखर्च कमी असला, तरी तो लाभ पुढील काही वर्षांत थोडाथोडा मिळतो आणि जादा किंमत मात्र पहिल्याच दिवशी मोजावी लागते. ही सुरुवातीची तफावत भरून काढणे हा खरेदी अनुदानामागील मूळ हेतू होय. शहरांतील वायुप्रदूषण कमी करणे, खनिज तेलाच्या आयातीवरील अवलंबन घटवणे आणि देशांतर्गत वाहन व बॅटरी उत्पादनास चालना देणे ही त्यामागील इतर उद्दिष्टे आहेत. पुणे–चाकण पट्टा, छत्रपती संभाजीनगर आणि नाशिक ही देशातील महत्त्वाची वाहननिर्मिती केंद्रे असल्याने महाराष्ट्राच्या धोरणात औद्योगिक हेतूही आरंभापासून दिसतो.

भारतात विद्युत वाहनांना केंद्रीय अनुदान देण्याचा एक आरंभीचा प्रयत्न नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने नोव्हेंबर २०१० मध्ये केला. ती योजना मार्च २०१२ मध्ये संपली. त्यानंतर २०१३ मध्ये राष्ट्रीय विद्युत गतिशीलता अभियान आराखडा जाहीर झाला आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी अवजड उद्योग विभागाने (पुढे मंत्रालयाने) ‘फेम’ योजना आणली.

## केंद्र सरकारच्या खरेदी अनुदान योजना

### फेम – पहिला टप्पा

फेम योजनेचा पहिला टप्पा १ एप्रिल २०१५ रोजी सुरू झाला व मुदतवाढी मिळून ३१ मार्च २०१९ रोजी संपला. त्यासाठीची तरतूद ७९५ कोटी रुपयांची होती, ती पुढे ८९५ कोटी रुपये करण्यात आली. आरंभी सौम्य संकरित (माइल्ड हायब्रिड) मोटारींनाही अनुदान मिळत असे. इंधनबचत मर्यादित असूनही अशा मोटारी निधीचा वाटा घेत असल्याने १ एप्रिल २०१७ पासून त्या वगळण्यात आल्या. शिसे-आम्ल बॅटरीवरील वाहनांचे अनुदानही १ ऑक्टोबर २०१८ पासून थांबवण्यात आले.

### फेम – दुसरा टप्पा

१ एप्रिल २०१९ पासून लागू झालेल्या दुसऱ्या टप्प्यासाठी १०,००० कोटी रुपयांची तरतूद होती. तीन वर्षांची ही योजना पुढे ३१ मार्च २०२४ पर्यंत वाढवण्यात आली आणि अखेरीस तरतूद ११,५०० कोटी रुपये झाली. १० लाख दुचाकी, ५ लाख तीनचाकी, ५५,००० चारचाकी आणि ७,०९० बस यांना साहाय्य देण्याचे मूळ उद्दिष्ट होते.

या टप्प्यात अनुदान बॅटरीच्या क्षमतेशी जोडण्यात आले. बस वगळता इतर वाहनांना प्रति किलोवॉट-तास १०,००० रुपये आणि बसना २०,००० रुपये असा दर होता. कारखाना किमतीची कमाल मर्यादा दुचाकीसाठी १.५ लाख, तीनचाकीसाठी ५ लाख आणि चारचाकीसाठी १५ लाख रुपये होती. तीनचाकी आणि चारचाकी वाहनांचे अनुदान सार्वजनिक वाहतुकीसाठी वा व्यावसायिक वापरासाठी नोंदवलेल्या वाहनांपुरते मर्यादित होते. खासगी वापराच्या विद्युत मोटारीला या योजनेतून अनुदान मिळत नव्हते.

जून २०२१ मध्ये दुचाकींचा दर प्रति किलोवॉट-तास १५,००० रुपये करण्यात आला आणि अनुदानाची कमाल मर्यादा वाहनाच्या किमतीच्या २० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर नेण्यात आली. १ जून २०२३ पासून हा दर पुन्हा १०,००० रुपये आणि मर्यादा १५ टक्के करण्यात आली. या कपातीचा परिणाम तत्काळ दिसला. मे २०२३ मध्ये देशात एक लाखाहून अधिक विद्युत दुचाकींची नोंदणी झाली होती, ती जूनमध्ये निम्म्याहून खाली आली. कपातीपूर्वी वाहन घेण्याची घाई हेही या चढउताराचे एक कारण होते.

### विद्युत गतिशीलता प्रोत्साहन योजना २०२४

फेम संपल्यानंतर १ एप्रिल २०२४ पासून ही अल्पमुदतीची योजना लागू झाली. आरंभी चार महिन्यांसाठी ५०० कोटी रुपये आणि नंतर ३० सप्टेंबर २०२४ पर्यंतच्या मुदतवाढीसह ७७८ कोटी रुपये तिला देण्यात आले. अनुदान केवळ दुचाकी व तीनचाकींना होते. दर प्रति किलोवॉट-तास ५,००० रुपये व दुचाकीसाठी कमाल मर्यादा १०,००० रुपये होती.

### पीएम ई-ड्राइव्ह

केंद्रीय मंत्रिमंडळाने ११ सप्टेंबर २०२४ रोजी मंजूर केलेली १०,९०० कोटी रुपयांची ही योजना १ ऑक्टोबर २०२४ पासून अमलात आली. पहिल्या वर्षी दुचाकीसाठी प्रति किलोवॉट-तास ५,००० रुपये (कमाल १०,००० रुपये) आणि दुसऱ्या वर्षी प्रति किलोवॉट-तास २,५०० रुपये (कमाल ५,००० रुपये) असा उतरता दर ठरवण्यात आला. ऑगस्ट २०२५ मध्ये योजनेची एकूण मुदत ३१ मार्च २०२८ पर्यंत वाढवण्यात आली, परंतु दुचाकी व तीनचाकींच्या अनुदानाची मुदत ३१ मार्च २०२६ हीच ठेवण्यात आली.

योजनेत विद्युत बससाठी ४,३९१ कोटी रुपये, सार्वजनिक चार्जिंगसाठी २,००० कोटी रुपये, तर रुग्णवाहिका आणि मालमोटारी यांसाठी प्रत्येकी ५०० कोटी रुपये राखून ठेवले आहेत. मालमोटारींसाठी जुलै २०२५ मध्ये जाहीर झालेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रतिवाहन कमाल ९.६ लाख रुपये अनुदान असून, त्यासाठी जुनी मालमोटार भंगारात काढल्याचे प्रमाणपत्र आवश्यक आहे. चारचाकी प्रवासी मोटारी, मग त्या खासगी असोत वा टॅक्सी, पीएम ई-ड्राइव्हच्या खरेदी अनुदानात नाहीत.

### घटत्या अनुदानाचे उदाहरण

३ किलोवॉट-तास क्षमतेची बॅटरी आणि १.२ लाख रुपये कारखाना किंमत असलेली दुचाकी गृहीत धरल्यास केंद्रीय अनुदान पुढीलप्रमाणे येते:

- जून २०२१ ते मे २०२३: दरानुसार ४५,००० रुपये; ४० टक्क्यांची मर्यादा (४८,००० रुपये) ओलांडली जात नसल्याने पूर्ण ४५,००० रुपये.
- जून २०२३ ते मार्च २०२४: दरानुसार ३०,००० रुपये, १५ टक्के मर्यादेमुळे प्रत्यक्षात १८,००० रुपये.
- एप्रिल ते सप्टेंबर २०२४: दरानुसार १५,००० रुपये, कमाल मर्यादेमुळे १०,००० रुपये.
- पीएम ई-ड्राइव्हचे दुसरे वर्ष: दरानुसार ७,५०० रुपये, कमाल मर्यादेमुळे ५,००० रुपये.

### अनुदान मिळण्याची पद्धत

केंद्रीय अनुदान ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होत नाही. विक्रेता ती रक्कम देयकातून वजा करतो आणि उत्पादक नंतर मंत्रालयाकडे तिची मागणी करतो. त्यामुळे वाहनाचे ते विशिष्ट मॉडेल योजनेखाली मान्यताप्राप्त असणे ही पहिली अट ठरते. पीएम ई-ड्राइव्हमध्ये यासाठी ई-व्हाउचर पद्धत आणण्यात आली. खरेदीच्या वेळी ग्राहकाची आधार क्रमांकावर आधारित ओळख पटवली जाते, व्हाउचर त्याच्या भ्रमणध्वनीवर येते आणि ग्राहक व विक्रेता या दोघांच्या सहीनिशी ते संकेतस्थळावर चढवले जाते.

ही कडक पडताळणी फेमच्या दुसऱ्या टप्प्यातील अनुभवातून आली. २०२२ मध्ये काही दुचाकी उत्पादकांनी देशांतर्गत सुटे भाग वापरण्याची अट न पाळता आयात भाग वापरल्याच्या तक्रारी आल्या. मंत्रालयाने त्यांची देयके रोखली आणि पुढे दिलेले अनुदान परत मागितले. दुसऱ्या एका प्रकरणात काही उत्पादकांनी चार्जरची किंमत वाहनाच्या देयकात न दाखवता वेगळी आकारली होती. त्यामुळे वाहनाची कारखाना किंमत कागदोपत्री १.५ लाख रुपयांच्या आत राहत असे. चौकशीनंतर २०२३ मध्ये या उत्पादकांनी ग्राहकांना चार्जरचे पैसे परत देण्यास सुरुवात केली.

## महाराष्ट्र शासनाची धोरणे

### धोरण २०१८

राज्याचे पहिले विद्युत वाहन धोरण फेब्रुवारी २०१८ मध्ये जाहीर झाले. राज्यात ५ लाख विद्युत वाहनांची नोंदणी हे त्याचे उद्दिष्ट होते. पहिल्या एक लाख वाहनांना मूळ किमतीच्या १५ टक्के अनुदान देण्याची तरतूद होती. त्याची कमाल मर्यादा दुचाकीला ५,००० रुपये, तीनचाकीला १२,००० रुपये आणि मोटारीला १ लाख रुपये होती. मोटार वाहन कर व नोंदणी शुल्कातील माफीही याच धोरणात होती.

### धोरण २०२१

जुलै २०२१ मध्ये जाहीर झालेले सुधारित धोरण ३१ मार्च २०२५ पर्यंत लागू होते व त्यासाठी ९३० कोटी रुपयांची तरतूद होती. २०२५ पर्यंत नव्या वाहन नोंदणीत विद्युत वाहनांचा वाटा १० टक्के व्हावा आणि राज्य परिवहन महामंडळाच्या १५ टक्के बस विद्युत व्हाव्यात, अशी उद्दिष्टे त्यात होती. धोरणाचे अनुदान प्रति किलोवॉट-तास ५,००० रुपये या दराने, पुढील मर्यादांत होते:

- दुचाकी: कमाल १०,००० रुपये (१ लाख वाहने)
- प्रवासी तीनचाकी: कमाल ३०,००० रुपये (१५,००० वाहने)
- चारचाकी मोटार: कमाल १.५ लाख रुपये (१०,००० वाहने)
- बस: किमतीच्या १० टक्के, कमाल २० लाख रुपये (१,००० बस)

३१ डिसेंबर २०२१ पूर्वी वाहन घेणाऱ्यांना ‘अर्ली बर्ड’ नावाने अतिरिक्त सवलत होती. तिची मुदत पुढे ३१ मार्च २०२२ पर्यंत वाढवण्यात आली. तिच्यासह मोटारीचा लाभ कमाल २.५ लाख आणि दुचाकीचा कमाल २५,००० रुपयांपर्यंत जात असे. जुने वाहन भंगारात काढल्यास दुचाकीसाठी ७,००० रुपये, तीनचाकीसाठी १५,००० रुपये व चारचाकीसाठी २५,००० रुपयांपर्यंत वेगळे प्रोत्साहन होते. बॅटरीविना विकल्या जाणाऱ्या वाहनांच्या बाबतीत अनुदान उत्पादक आणि बॅटरी पुरवणारी संस्था यांच्यात विभागले जाई.

केंद्राच्या फेम योजनेत खासगी मोटारी वगळलेल्या असताना राज्याच्या धोरणात त्यांना लाभ होता. २०२१ मध्ये महाराष्ट्रातील खरेदीदारांना विद्युत मोटार घेणे परवडण्याचे ते एक महत्त्वाचे कारण ठरले. वाहनसंख्येची मर्यादा लहान असल्याने हा लाभ मुख्यत्वे आरंभीच्या खरेदीदारांना मिळाला.

### धोरण २०२५

मंत्रिमंडळाने २९ एप्रिल २०२५ रोजी मंजूर केलेले आणि मे २०२५ च्या शासन निर्णयाने लागू झालेले धोरण ३१ मार्च २०३० पर्यंत आहे. त्यात अनुदानाचा पाया बॅटरीच्या क्षमतेऐवजी वाहनाची मूळ किंमत हा करण्यात आला. दुचाकी, तीनचाकी, मोटार आणि बस यांना मूळ किमतीच्या १० टक्के अनुदान असून कमाल मर्यादा अशा आहेत: दुचाकी १०,००० रुपये, तीनचाकी ३०,००० रुपये, खासगी चारचाकी १.५ लाख रुपये, परिवहन संवर्गातील चारचाकी २ लाख रुपये आणि बस २० लाख रुपये. विद्युत ट्रॅक्टरसारख्या शेतीच्या वाहनांचा समावेश हे या धोरणाचे वेगळेपण आहे.

### पथकरमाफी

धोरण २०२५ नुसार मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू या तीन मार्गांवर विद्युत चारचाकी प्रवासी वाहने व बस यांना संपूर्ण पथकरमाफी देण्यात आली. मालवाहू वाहनांना ही माफी नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये माफी लागू झाल्यानंतरही काही पथकर नाक्यांवर फास्टॅग खात्यातून रक्कम कापली जात असल्याच्या तक्रारी आल्या व डिसेंबर २०२५ च्या विधिमंडळ अधिवेशनात हा विषय चर्चेस आला.

## करविषयक सवलती

### वस्तू व सेवा कर

१ ऑगस्ट २०१९ पासून विद्युत वाहनांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के, तर चार्जर व चार्जिंग केंद्राच्या उपकरणांवरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्के करण्यात आला. हा दर बॅटरीसह वा बॅटरीविना विकलेल्या दोन्ही प्रकारच्या विद्युत वाहनांना लागू आहे. स्वतंत्रपणे विकत घेतलेल्या लिथियम-आयन बॅटरीवर मात्र १८ टक्के कर पडतो. त्यामुळे काही वर्षांनी बॅटरी बदलणाऱ्या ग्राहकाला मूळ खरेदीच्या वेळची सवलत मिळत नाही. सार्वजनिक केंद्रावरील चार्जिंग सेवेवरही १८ टक्के कर आहे.

लहान पेट्रोल मोटारींवर पूर्वी २८ टक्के कर आणि त्यावर १ टक्का उपकर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला. ३५० घन सेंटिमीटरपर्यंतच्या दुचाकींवरील करही २८ वरून १८ टक्क्यांवर आला. विद्युत वाहनांचा दर ५ टक्केच राहिला. म्हणजे लहान मोटारींच्या बाबतीत विद्युत वाहनाला मिळणारे करातील अंतर २४ टक्के-बिंदूंवरून १३ वर आले. विद्युत वाहनावरील कर न वाढवताही त्याची सापेक्ष अनुकूलता अशा रीतीने कमी झाली.

### मोटार वाहन कर आणि नोंदणी शुल्क

महाराष्ट्रात वैयक्तिक मालकीच्या पेट्रोल मोटारीवर किमतीनुसार ११ ते १३ टक्के, तर डिझेल मोटारीवर १३ ते १५ टक्के एकरकमी मोटार वाहन कर आकारला जातो. विद्युत वाहनांना राज्याच्या धोरणांखाली या करातून माफी आहे. १२ लाख रुपयांच्या पेट्रोल मोटारीवर १२ टक्के दराने सुमारे १.४४ लाख रुपये कर पडतो. तेवढ्याच किमतीच्या विद्युत मोटारीला ही रक्कम भरावी लागत नाही. धोरण २०२५ नुसार त्याच मोटारीचे खरेदी अनुदान १.२ लाख रुपये येते. यावरून अनुदानाची चर्चा अधिक होत असली तरी करमाफी हा अधिक मोठा लाभ असू शकतो, हे स्पष्ट होते. करमाफी नोंदणीच्या वेळीच मिळते. तिच्यासाठी नंतर निधी वितरित होण्याची वाट पाहावी लागत नाही.

मार्च २०२५ मध्ये सादर झालेल्या राज्याच्या अर्थसंकल्पात ३० लाख रुपयांहून अधिक किमतीच्या विद्युत मोटारींवर ६ टक्के कर प्रस्तावित होता. त्याच महिन्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो मागे घेत असल्याचे विधिमंडळात जाहीर केले.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये विद्युत वाहनांना नोंदणी प्रमाणपत्राच्या व त्याच्या नूतनीकरणाच्या शुल्कातून सूट दिली. व्यावसायिक विद्युत वाहनांना परवान्याची आवश्यकता २०१८ पासून नाही. त्रयस्थ पक्ष विम्याच्या हप्त्यातही १ जून २०२२ पासून १५ टक्के सवलत आहे.

### आयकर

आयकर अधिनियमाच्या कलम ८०ईईबी नुसार विद्युत वाहनासाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजावर वार्षिक १.५ लाख रुपयांपर्यंत वजावट मिळते. ही वजावट केवळ व्यक्तींना, जुन्या करप्रणालीत आणि १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जांनाच लागू आहे. त्यानंतर मंजूर झालेल्या कर्जांना ती मिळत नाही. तथापि विक्रीच्या जाहिरातींत तिचा उल्लेख पुढेही आढळतो.

## चार्जिंगविषयक प्रोत्साहने

### घरगुती चार्जिंग

घरच्या वीजजोडणीवर वाहन चार्ज केल्यास महाराष्ट्रात घरगुती दर लागू होतो. महावितरणचे घरगुती दर ०–१००, १०१–३००, ३०१–५०० आणि ५०० हून अधिक युनिट अशा टप्प्यांत वाढत जातात. दुचाकीच्या चार्जिंगला महिन्याला थोडीच युनिट लागतात. मोटारीचा वापर महिन्याला १,००० किलोमीटर असल्यास साधारणपणे १४० ते १५० युनिटांची भर पडते आणि ती कुटुंबाच्या वापराच्या वरच्या, महाग टप्प्यात मोजली जाते. त्यामुळे प्रतिकिलोमीटर खर्च काढताना घराचा सरासरी दर धरणे दिशाभूल करणारे ठरते. जुलै २०२५ पासून महावितरणच्या स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर वेळाधारित सवलत मिळते. मात्र दिवसा कामावर नेल्या जाणाऱ्या वाहनाला तिचा उपयोग मर्यादित असतो.

केंद्राच्या फेब्रुवारी २०२४ च्या वीज ग्राहक हक्क सुधारणा नियमांनुसार ग्राहकाला वाहन चार्जिंगसाठी स्वतंत्र वीजजोडणी मागता येते. नवीन जोडणी देण्याची कमाल मुदत महानगरांत ३ दिवस, नगरपालिका क्षेत्रात ७ दिवस आणि ग्रामीण भागात १५ दिवस आहे.

### गृहनिर्माण संस्था

शहरी महाराष्ट्रात मोठा वर्ग सहकारी गृहनिर्माण संस्थांमध्ये राहतो. तेथे वाहनतळ आणि मीटरची खोली यांतील अंतर, इमारतीचा मंजूर भार, अग्निसुरक्षा आणि संस्थेची संमती हे प्रश्न अनुदानापेक्षा अधिक निर्णायक ठरतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्राने आदर्श इमारत उपविधींत बदल करून २० टक्के वाहनतळ चार्जिंगसाठी सज्ज ठेवण्याची तरतूद सुचवली. राज्याच्या २०२१ च्या धोरणाने नव्या निवासी इमारतींसाठी तशीच अपेक्षा ठेवली आणि खासगी चार्जिंगची सोय करणाऱ्यांना मालमत्ता करात सूट देण्यास स्थानिक स्वराज्य संस्थांना प्रोत्साहित केले. जुन्या इमारतींत वीजवाहिनी ओढण्याचा आणि भार वाढवण्याचा खर्च मात्र प्रामुख्याने सदस्यांनाच करावा लागतो.

### सार्वजनिक चार्जिंग केंद्रे

एप्रिल २०१८ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने वाहन चार्जिंग ही विजेची विक्री नसून सेवा आहे, असे स्पष्ट केले. त्यामुळे चार्जिंग केंद्रासाठी वीज वितरणाचा परवाना लागत नाही आणि दुकानदार, पेट्रोल पंपचालक वा उपाहारगृहचालक यांनाही केंद्र सुरू करता येते. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने २०१८ मध्येच चार्जिंग केंद्रांसाठी स्वतंत्र दरवर्ग निर्माण केला. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा केंद्रांना एकेरी दर असतो, म्हणजे मागणी आकार वेगळा लावला जात नाही. आरंभी ग्राहक कमी असलेल्या केंद्रासाठी ही तरतूद महत्त्वाची आहे. कारण एरवी एकही वाहन न आले तरी मागणी आकार भरावा लागला असता. सकाळी ९ ते दुपारी ४ या ‘सौर तासां’त वीज स्वस्त आणि इतर वेळी महाग ठेवण्याचे तत्त्वही या सूचनांत आहे.

भांडवली साहाय्याच्या बाबतीत, फेमच्या दुसऱ्या टप्प्यात १,००० कोटी रुपये चार्जिंगसाठी होते. त्यांपैकी ८०० कोटी रुपये सार्वजनिक क्षेत्रातील तीन तेल कंपन्यांच्या ७,४३२ केंद्रांसाठी मार्च २०२३ मध्ये मंजूर झाले. राज्याच्या २०२१ च्या धोरणात मंदगती चार्जरच्या किमतीच्या ६० टक्के (कमाल १०,००० रुपये) आणि मध्यम वा जलद चार्जरच्या ५० टक्के (कमाल ५ लाख रुपये) साहाय्य होते. पीएम ई-ड्राइव्हमध्ये देशभरात चारचाकींसाठी २२,१००, बससाठी १,८०० आणि दुचाकी–तीनचाकींसाठी ४८,४०० जलद चार्जरचे उद्दिष्ट आहे. त्यात रोहित्र, वाहिनी आणि जोडणी यांच्या खर्चालाही साहाय्य मिळते.

## सार्वजनिक वाहतूक

विद्युत बसची किंमत डिझेल बसच्या तुलनेत बरीच जास्त असल्याने बहुतांश परिवहन उपक्रम बस विकत न घेता प्रतिकिलोमीटर भाड्याने घेतात. बस, चालक आणि देखभाल खासगी कंत्राटदाराची, तर तिकीट महसूल उपक्रमाचा अशी ही रचना असते. मुंबईचा बेस्ट उपक्रम आणि पुण्याचे पीएमपीएमएल यांनी फेमच्या अनुदानासह या पद्धतीने विद्युत बस आणल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-ई-बस सेवा योजनेचे उद्दिष्ट देशातील शहरांत १०,००० विद्युत बस हे असून, तिच्या ५७,६१३ कोटी रुपये अंदाजित खर्चापैकी २०,००० कोटी रुपये केंद्राकडून आहेत.

## टीका आणि मर्यादा

या प्रोत्साहनांवरील प्रमुख आक्षेप पुढीलप्रमाणे आहेत:

- धोरणातील अनिश्चितता: दर आणि मुदती वारंवार बदलल्याने ग्राहक खरेदी पुढे ढकलतात किंवा कपातीपूर्वी घाई करतात. शेजारच्या गोव्यात २०२१ च्या धोरणाखालील खरेदी अनुदान जुलै २०२२ अखेर बंद करण्यात आले.
- घोषणा आणि वितरण यांतील अंतर: उत्पादकामार्फत दिल्या जाणाऱ्या अनुदानाची देयके थकल्यास विक्रेते सवलत देण्यास टाळाटाळ करतात किंवा तिचा भार ग्राहकावर टाकतात.
- लाभाचे असमान वाटप: किमतीच्या प्रमाणात मिळणारी करमाफी महाग मोटार घेणाऱ्याला अधिक रकमेचा लाभ देते. दिवसाला शंभराहून अधिक किलोमीटर चालणाऱ्या रिक्षा व मालवाहू तीनचाकींमुळे प्रदूषणात होणारी घट प्रतिवाहन अधिक असते.
- कर्जाची उपलब्धता: बॅटरीच्या आयुष्याविषयी आणि जुन्या वाहनाच्या किमतीविषयी खात्री नसल्याने तीनचाकींवरील कर्जाचे व्याजदर चढे राहतात. रिक्षाचालकासाठी मासिक हप्ता हा अनुदानाच्या रकमेपेक्षा महत्त्वाचा ठरतो.
- महसुली परिणाम: मोटार वाहन कर आणि इंधनावरील मूल्यवर्धित कर हे राज्याच्या उत्पन्नाचे मोठे स्रोत आहेत. विद्युत वाहनांचा वाटा वाढेल तसा करमाफीचा भार वाढत जातो.

समर्थकांच्या मते, बॅटरीच्या किमती घटत असल्याने थेट अनुदान कमी होणे अपेक्षितच आहे. तो निधी चार्जिंग केंद्रे, बस आणि मालवाहतूक यांकडे वळवणे अधिक उपयुक्त ठरेल, असे त्यांचे म्हणणे आहे. पीएम ई-ड्राइव्हमधील निधीची विभागणी आणि धोरण २०२५ मधील महामार्गांलगतच्या चार्जिंगवरील भर यांतून धोरणाची हीच दिशा दिसते.

## हेही पहा

- विद्युत वाहन
- फेम इंडिया योजना
- महावितरण
- महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग
- वस्तू व सेवा कर (भारत)